दर्याखोर्यांतलं गाव

मागच्या पावसाळ्यात शिराळा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी दुकानात आले आणि पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. वर स्केचपेननं माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'गुरुजी पुस्तक फायनल फायनल २, २००१'.

"तुझ्याकडंच केलं होतं बघ. प्रती संपल्या, गावातली पोरं मागतायत. आता काय, टायपिंग तर झालेलंच आहे. नुसतं छापायचं."

'नुसतं छापायचं' म्हटलं की डीटीपीवाल्याच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवणाऱ्याच्या, पोटात गोळा येतो. पण सीडी चक्क वाचली गेली. माळ्यावरचं जुनं मशीन उतरवलं, पुसलं, पानं जुळवायचं पेजमेकर ६.५ सुरू केलं आणि फाइल उघडली. २१२ पानं जिथल्या तिथं. समास, चौकटी, पानांचे आकडे, सगळं माझंच काम. नव्हती ती फक्त मराठी. तिच्या जागी डोक्यावर दोन टिंबं घेतलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा. गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "हे काय रे, फ्रेंच झालं काय?"

ज्यांनी त्या काळात टायपिंग केलंय त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे सोंग होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि खुणाच टाइप करत होता. फाँट एवढंच करायचा की अमुक खुणेच्या जागी 'क'चं चित्र काढ, तमुकच्या जागी वेलांटीचं. कुठल्या खुणेला कुठलं चित्र हे ज्या त्या कंपनीनं आपापलं ठरवलेलं, आणि ते गुपित. फाँट गेला की सोंग उतरलं.

फाँट का गेला? तर त्या सॉफ्टवेअरला एक लॉक यायचं. प्रिंटरच्या पोर्टात बसणारं, काडेपेटीएवढं. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही आणि फाँट दिसायचे नाहीत. २०१९च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं, त्यात जे वाहून गेलं त्यात हे लॉकही गेलं. कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या. नवीनमध्ये जुनी फाइल जशीच्या तशी दिसेल का? तसं सांगता येणार नाही.

त्यांच्यावर राग नाही माझा, खरंच. त्या काळी त्यांनी मराठी पडद्यावर आणली म्हणून माझ्या घरची चूल पेटली. पण यातली गंमत बघा. विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे मित्र गेली वीस वर्षं मला एकच गोष्ट ऐकवतायत, की ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर) फुकट असतं. अरे बाबांनो, आमच्या लायनीत सगळंच फुकट होतं! पन्नास रुपयांच्या एका सीडीत विंडोज ९८, पेजमेकर, डिझाइनचं कोरल, फोटोशॉप आणि नोटपॅडच्या फाइलीत सीरियल नंबर. फुकट ते पौष्टिक. मीही त्यातलाच, उगाच सोवळं कशाला मिरवू? पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर दुकानात एकच होतं, ते म्हणजे हे मराठी फाँटवालं, कारण त्याला लॉक होतं. दोन महिन्यांची कमाई घातली होती त्यात. आणि नेमकं तेच ऐन वेळी आडवं आलं.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडं ओपन सोर्सचा प्रचार 'फुकट' म्हणून करणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. चोरीचं कोरल त्याच भावात मिळतं आणि गिऱ्हाईक कोरलचीच फाइल घेऊन येतं. मला पटलं ते दुसऱ्याच कारणानं, आणि पटायला गुरुजींची ही सीडी यावी लागली.

दोन वाटा होत्या. गुरुजींच्या छापील प्रतीवरून २१२ पानं परत टाइप करायची, नाहीतर त्या फ्रेंचची मराठी करायची. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, थांब जरा." आणि नेटवरून एक कन्व्हर्टर काढला, जुन्या फाँटातला मजकूर आताच्या युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलणारा. कुणीतरी लिहून, कोडसकट उघड्यावर ठेवून दिलेला.

पहिल्या फटक्यात निम्मं आलं. पण 'मूर्ती'चं 'मूतीर्' आणि 'गर्दी'चं 'गदीर्'. जुन्या बातम्यांच्या काही पानांवर अजून असं दिसतं, तुम्हीही पाहिलं असेल. कारण साधं आहे. हातानं लिहिताना आपण 'ती' काढून मग वर रफार देतो, जुन्या फाँटातही तसंच टाइप करायचो. युनिकोडमध्ये मात्र अक्षरं बोलण्याच्या क्रमानं जातात, आधी र, मग ती. म्हणजे कन्व्हर्टरनं रफार उचलून वेलांटी ओलांडून, त ओलांडून मागं नेऊन ठेवायला हवा. हा वेलांटीपाशीच अडखळत होता. ते भाच्यानं तासाभरात नीट केलं.

खरी मजा पुढं होती. पुस्तकाचं पहिलंच वाक्य, 'सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत वसलेलं आमचं गाव'. पडद्यावर आलं 'दर्याखोर्यांत'. शिराळ्यात दर्या! गुरुजींचं गाव एका झटक्यात कोकणात. तो आडवा अर्धा र हिंदीत नसतोच, आणि कन्व्हर्टर लिहिणाऱ्यानं हिंदी डोळ्यासमोर ठेवलेली. कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर करायचं याच्या त्याच्या तक्त्यात ती खूणच नव्हती. युनिकोडमध्ये मात्र त्याची सोय आहे, ऱ हे अक्षरच वेगळं दिलंय. भाच्यानं तक्त्यात दोन ओळी वाढवल्या आणि 'दर्या'च्या परत दऱ्या झाल्या.

तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या दोन ओळी त्यानं मूळ लिहिणाऱ्याकडं पाठवून दिल्या. अकराव्या दिवशी त्या माणसानं त्या घेतल्या. म्हणजे आता कुणीही तो कन्व्हर्टर उतरवला तर त्याच्या दऱ्या दऱ्याच राहणार. वीस वर्षांत मी सॉफ्टवेअर कंपन्यांना किती फोन केले असतील, "तुमचा ल हिंदीसारखा दिसतो हो, आमच्या गिऱ्हाइकांना चालत नाही." प्रत्येक वेळी तक्रार नोंदवून घेतली गेली, बस्स. इथं मिसरूड फुटलेल्या पोरानं दोन ओळी लिहिल्या आणि काम झालं. मी त्या रात्री बायकोला तीनदा सांगितलं, तिला काडीचा रस नव्हता.

तुम्ही हे वाचताय ना, यातली जोडाक्षरं तुमच्या मोबाइलवर कोण जुळवतंय? अँड्रॉइड असेल तर हार्फबझ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी. क्रोममध्ये तीच, फायरफॉक्समध्ये तीच, लिबरऑफिसमध्ये तीच. तिच्यावर वर्षानुवर्षं खपलेला बेहदाद एस्फाहबोद हा माणूस इराणी. नावही फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडा. फारसी नावाच्या त्या लायब्ररीत आपलं 'क्ष' आणि 'ज्ञ'ही बसून गेलं. आणि हे काही समाजसेवा म्हणून झालेलं नाही हां. रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांनी त्याला पगार दिलाय. 'ओपन सोर्स म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मांडणी लिबरऑफिस रायटर या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये केली. फाँट टिरो देवनागरी मराठी. हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी याचे वेगवेगळे फाँट आहेत, त्यामुळं मराठीवाल्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. २००९च्या शासन निर्णयात ते आकार ठरवून दिलेत, तरी अजून निम्म्या सरकारी फलकांवर हिंदी ल बघावा लागतो. असो. लायसन्स असं की वापरा, बदला, पुस्तकात घाला, फाइलीबरोबर दुसऱ्याला द्या. फक्त नुसता फाँट विकायला काढू नका. अडचण एकच, त्याला ठळक वजन (जाड अक्षर) नाही. मग मथळ्यांना मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँटवाल्यांचा मुक्ता लावला, त्याचं लायसन्सही तेच. मुक्ताची सात वजनं आहेत. हे असलं काही २००१ साली कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लिनक्सवाले मला हार घालायला यायचे. मुखपृष्ठ मी कोरलमध्येच केलं. रायटरला सीएमवायके (छपाईच्या चार शाया) कळत नाही आणि ऑफसेटवाल्याला त्याशिवाय दुसरं काही कळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा दुकानातल्या दोन मशीनवर लिनक्स मिंट टाकलं. एकावर झकास चालतंय, दुसऱ्यावर स्कॅनर आजतागायत रुसलेला. लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं तर एकानं सात ओळींची कमांड पाठवली आणि वर म्हणाला, "आधी मॅन्युअल वाचायची सवय लावा." काका, मी तुमच्या वयाचा आहे, आणि दारात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक उभं आहे. या मंडळींचा हा तोरा जरा उतरला तर कोरलला घाम फुटेल. तोवर कोरलनं खुशाल झोपावं.

फाइल तयार झाल्यावर गुरुजींना पेन ड्राइव्ह दिला. त्यात पीडीएफ, ओडीटी (रायटरची मूळ फाइल), दोन्ही फाँट आणि फाँटांच्या लायसन्सची फाइल. गुरुजींनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे पण लॉकच काय?"

"नाही गुरुजी, नुसती डबी आहे. हरवली तर दुसऱ्या डबीत भरून देतो. माझं दुकान बंद पडलं तरी कुठंही उघडेल."

"उघडेल म्हणजे मराठीत उघडेल ना?"

"मराठीत."

प्रुफं घेऊन गेले. आठवड्यानं आले ते पान ४७ उघडूनच. वारणेच्या वर्णनात एक 'दर्याखोर्यांत' तसाच राहिला होता. मला भाच्याच्या तक्त्याचा संशय आला. जुनी फाइल काढून ती जागा तपासली तर तिथं साधा रफारच होता. म्हणजे चूक कन्व्हर्टरची नव्हती, २००१ साली माझंच बोट चुकलं होतं. गुरुजी काही बोलले नाहीत. पिशवीतून त्यांची जुनी प्रत काढली, पान ४७ उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. त्या शब्दाखाली लाल शाईची रेघ होती, पार फिकट झालेली.