मानेवरची गाठ घरी फोडू नका
"त्वचेचा टीबी म्हणजे चामडीत साचलेला पू. गाठ फोडा, लसणाची पेस्ट बांधा, रोज ऊन द्या. गोळ्या नकोत, किडनी जाते, लघवी लाल होते." हा मेसेज फिरत फिरत आता घरच्या ग्रुपवर येऊन पडलाय, तोही मानेला गाठ असलेल्या माणसाकडूनच.

आधी फोडण्याचं बघू. मानेत, काखेत, जांघेत येणारी ही गाठ बहुतेकदा मुळात त्वचेची नसतेच. आतली लसिका ग्रंथी (लिम्फ नोड), क्वचित हाड किंवा सांधा टीबीने सडतो आणि ते वरपर्यंत येतं. हे 'थंड गळू': हाताला गरम लागत नाही, फारसं ठणकत नाही. चिरलं की पू जातो, सडकी ग्रंथी आतच राहते आणि जखम महिनोन्महिने वाहते; कडा जांभळट, खालून पोखरलेल्या. पू काढायचाच तर डॉक्टर सुईने काढतात, तीसुद्धा पातळ झालेल्या टोकातून नाही, बाजूच्या चांगल्या त्वचेतून तिरकी घालून. नाहीतर सुईच्या वाटेनेच वाहायला लागतं. शिवाय तो पू तपासायला लागतो. बायोप्सी घेतली, म्हणजे तपासायला मांस काढलं, तर एक तुकडा फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या रसायनात, दुसरा साध्या सलाइनमध्ये. सगळं फॉर्मेलिनमध्ये बुडवलं की जंतू मरतात, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. ही चूक दवाखान्यांतही होते, घरच्या ब्लेडचं तर बोलायलाच नको.

कच्चा लसूण बांधून ठेवला की कातडी भाजते. जंतू खाली तसेच.

उन्हात अर्धं तथ्य आहे, मान्य. डॉक्टर नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल त्वचेच्या टीबीवरच्या प्रकाशोपचारासाठीच मिळालं. पण तो कार्बन आर्क या विजेच्या प्रखर दिव्याचा एकवटलेला प्रकाश होता, त्वचा भिंगाने दाबून छोट्याशा भागावर बराच वेळ, पुन्हा पुन्हा दिलेला. आणि तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं.

आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा कोर्स: २ महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, पुढे ४ महिने किमान पहिली दोन. हाडात असेल तर जास्त. महिना-दीड महिन्यात फरक दिसायला हवा; नाही दिसला तर निदान किंवा औषधाला दाद न देणारा जंतू, दोन्ही पुन्हा तपासायचं.

लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिनच्या रंगाने, रक्ताने नाही. जपायचं ते मुख्यतः यकृताला: डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे.