क्लच कव्हरचा भाव

माझ्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलच्या क्लच कव्हरचा किलोवर भाव झाला. माझ्याच दारात, कव्हर माझ्यासमोर असताना, आणि भाव करणाऱ्या दोघांपैकी एकानंही मला विचारलं नाही. राग अजून उतरला नाही म्हणून लिहायलोय, नाहीतर रविवारी दुपारी झोपायचं सोडून मी कशाला टायपिंग करत बसतोय.

गाडीची कथा लांबवत नाही. १९९६ ला बंद झालेलं मॉडेल, इंजिन ठणठणीत, पण दोन्ही बाजूची अॅल्युमिनियमची कव्हरं पांढऱ्या डागांनी भरलेली आणि वरच्या कोटिंगचे पापुद्रे सुटलेले. क्लच कव्हर खोललं, पेंट रिमूव्हरनं कोटिंग काढलं, डिझेलनं धुतलं (रॉकेल आता कुठं मिळतंय) आणि गेटसमोर पोतं अंथरून वॉटर पेपर (पाण्यात बुडवून घासायचा पॉलिश पेपर) घेऊन बसलो. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. ३२० नंबरपासून सुरू करायचं, मग ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि शेवटी २०००. नंबर बदलला की घासायची दिशाही बदलायची, आधीचं आडवं तर आता उभं, म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे गेले का राहिले ते कळतं. एखादा राहिलाच तर तो २००० वर असा उठून दिसतो की परत ६०० वर यावं लागतं. आमच्या लातूरच्या बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या निम्म्याअधिक रस्त्यांवरच्या हार्डवेअरवाल्यांनी मला '२००० नंबर कशाला, ४०० नं होतंय की' असं ऐकवून परत पाठवलं. शेवटी कार पेंटिंगचं सामान विकणाऱ्याकडं मिळाला.

तर काका. आमच्या समोरच्या लाईनीत राहतात, सरकारी खात्यातनं रिटायर. खात्याचं नाव सांगत नाही, पण पाण्याशी संबंध होता. बोटात माणकाची अंगठी, पत्रिकेतला रवी कमजोर आहे म्हणून घातलेली, आणि बोलताना ते बोट असं पुढं करायचं की अंगठी आधी दिसावी.

"काय करलालास रे?"

"कव्हर पॉलिश करलालो काका."

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडी कुटंय?"

"आत आहे."

"मग हे बाहेर कसं आलं?"

"काढलंय."

"कुणी?"

मी पेपर बादलीत बुडवला आणि गप्प घासायला लागलो. काका घरी गेले. सुटलो म्हणायच्या आत प्लास्टिकची खुर्ची घेऊन परत आले आणि बरोबर उन्हाच्या बाजूला बसले. ज्यानं हे काम केलंय त्याला कळेल. ओरखडे बघायला तिरपं ऊन लागतं, कव्हर उन्हात जरा कलतं धरून फिरवलं तरच बारीक रेघा दिसतात. माझ्या कव्हरवर आता काकांच्या डोक्याची सावली. मी डावीकडं सरकलो की खुर्ची डावीकडं.

"बफिंगवाल्याला दिलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं."

म्हणलं काका, बफिंगवाला मोठ्या मशीनवर दाबून धरतो, कडा गोल होतात, स्क्रूची भोकं पसरट होतात, मग ते कव्हर चघळल्यासारखं दिसतं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण अर्ध्या तासात झालं असतं."

मग त्यांची नजर बादलीवर गेली आणि आवाज एकदम खात्याचा झाला. "ह्याला पाणी किती लागतंय? २०१६ विसरलास का? १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वे आली तवा प्यायला पाणी मिळालं. धा वाघिणी. पाच लाख लिटर. टाक्यांभोवती १४४ कलम लागलं हुतं ह्या गावात, आन् तू लोखंड धुवायलास."

लोखंड नाही, अॅल्युमिनियम, हे मी बोललो नाही. बादलीतलं पाणी कपडे विसळलेलं होतं, तेही साबणाचं, ते तर या कामाला बरंच, पेपर भरत नाही. कोरडं घासलं की पेपरच्या दाण्यांत अॅल्युमिनियम गच्च बसतं आणि धूळ नाकात जाते. हे सगळं मी सांगितलं. पटलं नाही. आणि इथं मला खरंच राग येतो. कोपऱ्यावरच्या बंगल्यात रोज सकाळी पाईप लावून मोठी गाडी धुतात, ड्रायव्हर पाईप चालू ठेवून फोनवर बोलत असतो, पाणी गटारीपर्यंत वाहत जातं. त्या दारात काकांना २०१६ कधी आठवत नाही, तिथं ते 'काय साहेब, बरंय का' म्हणून पुढं जातात. दुष्काळाची आठवण फक्त पोतं टाकून बसलेल्या माणसाला करून द्यायची. नळ किती दिवसांनी येतो हे मला माहीत नाही का, टाकी माझीपण रिकामीच असते.

एवढ्यात भंगारवाल्याचा गाडा आला. भोंग्यावर रेकॉर्ड केलेलं, 'जुने कुलर, मोटार, बॅटरी, रद्दी पेपर'. काकांनी हात वर केला.

"ए, थांब. हे बघ, जर्मन हाय."

जर्मन म्हणजे आमच्याकडं अॅल्युमिनियम. मला वाटलं त्यांना घरातलं काहीतरी द्यायचंय. तोवर भंगारवाल्यानं पोत्यावरचं माझं कव्हर उचललं, बोटानं वाजवून बघितलं, उलटं केलं.

"पातळ हाय मालक. एकशे धा लावतो."

"एकशे धा? चमक बघ की जरा! सकाळपास्नं पोरगं घासलालंय."

"चमकीचं वजन येत नसतंय काका."

"एकशे चाळीस."

"विकायचं नाही," मी म्हणलो. दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

"दुसऱ्या बाजूचं हाय का? जोडी आसल तर एकशे पंचवीस देतो."

"आन रे दुसरं," काका मला म्हणाले.

मी उठेपर्यंत त्या माणसानं हुकाचा काटा काढला आणि किकच्या दांड्याच्या भोकात हूक अडकवून कव्हर लटकवलं. ते हवेत गिरकी घेऊन फिरलं, हूक सटकला, आणि करकन आवाज झाला. भोकाच्या कडेला, बरोबर जिथं १५०० संपवून २००० लावला होता तिथं, करंगळीच्या नखाएवढा ओरखडा. मी कव्हर हिसकावून घेतलं. भंगारवाला बिचारा 'ऱ्हाऊ द्या' म्हणून गेला, त्याचा काय दोष, त्याला बोलावलं कुणी. काकांनी मात्र वाकून बघितलं आणि म्हणाले, "कुटं दिसलालंय? गाडी चालवताना खाली कोण बघतंय?"

उत्तरं नेहमी रात्री सुचतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर जो धातूचा तुकडा बसवला तो अॅल्युमिनियमचा होता, कारण तेव्हा हे जर्मन जवळजवळ चांदीच्या भावात होतं. पुढं १८८६ ला हॉल आणि एरू या दोघांनी, एक अमेरिकेत आणि एक फ्रान्समध्ये, विजेनं ते काढायची युक्ती शोधली आणि भाव पडला तो पडलाच. दुसरं म्हणजे काकांच्या बोटातलं माणिक. ते अॅल्युमिनियमचंच ऑक्साईड आहे, त्यात चिमूटभर क्रोमियम म्हणून लाल. आणि अॅल्युमिनियम घासून उघडं केलं की हवा लागताक्षणी त्यावर त्याच ऑक्साईडचा डोळ्यांना न दिसणारा थर येतो, त्याच्यामुळंच ते लोखंडासारखं गंजून झडत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी काकांनी सोनाराला पैसे मोजले ते माझ्या कव्हरला फुकट मिळतं, आणि भाव माझ्या कव्हरचा करायचा. हे त्यांना ऐकवायचं ठरवलं होतं. सकाळी भेटले तर म्हणाले, "दिलं का मग?"

ओरखडा काढायला परत ६०० पासून आलो. वरून मेटल पॉलिश. ते लावून फडक्यानं घासलं की फडकं काळं होतं, परत घासलं की परत काळं, आणि ते थांबत नाही, कारण ती घाण नसतीच, खुद्द कव्हरच जरा जरा करून फडक्यावर येत असतं. पण शेवटी त्यात माझा चेहरा दिसला, नाक जरा फुगलेलं दिसत होतं पण दिसला. घरी कुणाला दाखवावं म्हणून आत गेलो तर सगळे मालिका बघत होते.

ते काळं नखांत बसतं ते मात्र साबणानं, लिंबानं, कशानंच जात नाही. तसाच औसा रोडला एका लग्नाला गेलो. अक्षता घेताना एका पाहुण्यांनी माझी बोटं बघितली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नोकरीचं काय झालं?" म्हणलं काय झालं म्हणजे? तर म्हणाले, "न्हाई, तुमच्या समोरचे काका भेटले हुते, म्हणले पोरगं भंगार विकलालंय आजकाल. काय अडचण आसल तर सांग, लाजू नको."

याचं उत्तर काय द्यायचं? ऑफिसात दिवसभर माउस हलवतो तेव्हा कुणी माझी काळजी करत नाही. हातानं एक वस्तू नीट करायला बसलो तर लोकांना वाटतं घर बुडालं. दुकानातनं नवी चकचकीत गाडी हप्त्यानं आणली असती तर याच पाहुण्यांनी पेढे मागितले असते.

आता दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटोचं कव्हर राहिलंय. ते गच्चीवर करणार, बादली जिन्यानं वर न्यावी लागली तरी चालेल. काल पोतं आणि पेपर वर नेऊन ठेवताना काकांनी खालून हाक मारली.

"वर ऊन लई लागतंय रे. एक खुर्ची बसंल का तिथं सावलीला?"