घाटाची चित्रं काढून काय होणार?

शाळेच्या ग्रुपवर नाशिकच्या सिंहस्थाच्या कामांवरून वाद पेटलाय. 2027 तोंडावर आलंय, गोदाकाठी काय पाडायचं, काय राखायचं यावर जो तो तावातावाने बोलतोय. मी माझं गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र टाकलं, तर एकाने सुनावलं, "चित्रं काढून काय होणार? तिकडे बसून आठवणी रंगवणं सोपं असतं."

काय होतं ते मी इथे जर्मनीत रोज ट्राममधून बघते. कोलोनचा डोम, म्हणजे इथलं भव्य चर्च, 1248 मध्ये बांधायला घेतला, सोळाव्या शतकात काम थांबलं. पुढे 1814 मध्ये दर्शनी बाजूच्या जुन्या आराखड्याचा अर्धा भाग डार्मश्टाटला सापडला, उरलेला दोन वर्षांनी पॅरिसला. त्याबरहुकूम मनोरे चढवले आणि 1880 मध्ये डोम पुरा झाला. एका जुन्या चर्मपत्रावरून! आपण गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतलं, तेव्हा कुंडांची जुनी चित्रं कुणी समोर ठेवली होती का? शिवाजी तुपे यांच्यासारखा जलरंगांचा चित्रकार ज्या गावाला लाभला, तिथल्या माणसाने 'काय होणार' विचारावं? इथे डोमसमोर, ऱ्हाईन नदीपलीकडे डॉइट्सच्या काठावर चित्र काढत बसलेल्याला असं कुणी विचारत नाही.

पण 'तिकडे बसून' हे शब्द मला खरे झोंबलेत.

गेल्या श्रावणात अकरा वर्षांनी घरी आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी रंगपेटी घेऊन घाटाची वरची पायरी गाठली. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं. कोलोनला पूर पेगेलच्या, म्हणजे नदीची पातळी दाखवणाऱ्या घड्याळावर बघतात. आम्ही लहानपणापासून मारुतीच्या कमरेवर, छातीवर, गळ्यावर मोजतो. निळ्यात करडा कालवला आणि भराभर पाणी रंगवलं. शेजारी बेल-फुलांची टोपली घेऊन बसलेल्या मावशी वाकून बघत म्हणाल्या, "ताई, असं कुठंय पाणी? चहावाणी झालंय बघा."

मान वर केली. गढूळ, तांबूस, फेसाळ. समोर गोदावरी वाहत होती आणि माझ्या कागदावर ऱ्हाईन उतरली होती.

"कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"इथलीच आहे मी, पंचवटीतली," म्हणताना माझा आवाज चढला. मावशी काही बोलल्या नाहीत, टोपली जरा सरकवून मला जागा करून दिली.

मी नवा कागद लावला. बर्न्ट सिएना, थोडा गेरू, पाणी जास्त. दुपारपर्यंत तिथेच होते.

ग्रुपवर टाकलं ते हे दुसरं चित्र. पाण्याचा रंग बरोबर आलाय का, एवढं तरी त्याने बघायचं होतं.