युक्रेनच्या आघाडीवर टी-34 लढतोय? मग हे वाचा

रशियाचे रणगाडे संपले आणि आता दुसऱ्या महायुद्धातले टी-34 युक्रेनमध्ये लढायला पाठवले जातायत, असा दावा 2023 पासून फिरतो आहे. सोबत पुरावे म्हणून तीन दृश्यं असतात: मॉस्कोच्या संचलनातला एकुलता एक टी-34, मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर लादलेले जुनाट रणगाडे आणि चौथऱ्यावरून उतरवून चालू केलेला स्मारकाचा रणगाडा. तिन्ही दृश्यं खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. हे सांगावंसं वाटतं, कारण ज्यांच्या गावांवर रोज टी-72 आणि टी-80 या नंतरच्या रणगाड्यांच्या तोफा चालतात, त्यांच्यासमोरचं संकट हा दावा हास्यास्पद करून टाकतो.

आधी संचलन. 9 मे 2023 ला मॉस्कोच्या लाल चौकातून रणगाडा म्हणून फक्त एक टी-34 गेला, हे खरं. पण चिलखती ताफ्याच्या पुढे टी-34 ठेवण्याची प्रथा जुनीच आहे. महायुद्ध जिंकून देणारं वाहन म्हणून तो मान त्याचा. त्या वर्षी कमी होते ते त्याच्यामागचे आधुनिक रणगाडे. आदल्या वर्षी टी-72 आणि टी-90 त्याच चौकातून गेले होते. ते गैरहजर राहिले यातून आघाडीवरचा ताण दिसतो, आणि तो लपवायचं कारण नाही. पण साठा संपला असं त्यातून सिद्ध होत नाही. 2025 च्या संचलनात टी-34 च्या मागे टी-72, टी-80 आणि टी-90 पुन्हा आले.

संचलनासाठी चालू स्थितीतले टी-34 आले तरी कुठून? त्यांतले काही लाओसमधून. जानेवारी 2019 मध्ये लाओसच्या सैन्याकडचे 30 टी-34 जहाजाने व्लादिवोस्तोकला उतरले आणि तिथून रेल्वेने मॉस्कोजवळच्या नारो-फोमिन्स्कला गेले. संचलनं, संग्रहालयं आणि चित्रपटांसाठी ते वापरणार, असं रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने तेव्हाच जाहीर केलं होतं. युक्रेनवरचं मोठं आक्रमण त्यानंतर तीन वर्षांनी झालं. टी-34 लादलेली आगगाडी दिसली की ती आघाडीलाच निघाली, हे गृहीत धरणं म्हणूनच चूक.

मार्च 2023 मधल्या ज्या मालगाडीच्या दृश्यांनी खरी खळबळ उडवली, त्यांत टी-34 नव्हतेच. ते टी-54 आणि टी-55 होते, म्हणजे महायुद्ध संपल्यानंतर बनलेली पिढी. ओळखायची खूण सोपी आहे. टी-34 च्या पुढच्या उतरत्या पत्र्यावरच चालकाचं जाड झाकण असतं; ते उघडून तो सरळ समोर बघतो. टी-55 चा पुढचा पत्रा सलग असतो, चालकाचं झाकण वर छतावर. बुरूज पालथ्या वाडग्यासारखा गोल, तोफ 100 मिलिमीटरची. आज उरलेल्या बहुतेक टी-34 ची तोफ 85 ची. एवढं बघायला मिनिटभर पुरतं, आणि तेवढंही न बघता लोक फोटो पुढे ढकलतात.

हे टी-55 लढाईत उतरले, यात वाद नाही. पण कसे? बरेचसे मागे उभे राहून लांबून तोफेसारखे डागले गेले. मारिंकाजवळ तर 2023 च्या उन्हाळ्यात एक स्फोटकांनी भरून युक्रेनी फळीच्या दिशेने सोडून दिला होता. त्याच काळात उरलमधल्या निझनी तागीलचा कारखाना, जो महायुद्धात टी-34 बनवायचा, टी-90 बाहेर काढत होता.

स्मारकाची गोष्ट 2014 ची. दोनेत्स्क प्रांतातल्या कोस्त्यान्तिनिव्का शहरात रशियाधार्जिण्या फुटीरतावाद्यांनी चौथऱ्यावरचा आयएस-3 चालू करून खाली आणला. टी-34 नव्हे, 1945 चा जड रणगाडा, आणि रशियाच्या सैन्याच्या साठ्यातला तर मुळीच नाही. इतकी वर्षं बंद पडलेलं इंजिन सुरू झालं, याचं नवल वाटतं खरं. पण ते व्ही-2 या टी-34 मधल्याच डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं होतं, आणि हे घराणं अजून बंद झालेलं नाही. टी-72, टी-90 ची इंजिनं, म्हणजे आपल्या सैन्यातल्या अजेय आणि भीष्म रणगाड्यांचीसुद्धा, त्याच बारा सिलिंडरच्या रचनेतून आलेली आहेत.

आता दाव्याच्या पोटात दडलेला समज: जुना रणगाडा म्हणजे भंगार, आणि तो वापरणारं सैन्य संपलेलं. इथे कोरियाचं युद्ध आठवावं. 5 जुलै 1950 ला दक्षिण कोरियातल्या ओसानजवळ उत्तर कोरियाच्या 33 टी-34 पैकी बहुतेक सुमारे साडेपाचशे अमेरिकी सैनिकांच्या मोर्चातून थेट आरपार निघून गेले. एका लेफ्टनंटने अगदी जवळून, मागच्या बाजूला, बाझुकाचे, म्हणजे खांद्यावरून रॉकेट डागायच्या नळीचे, 22 गोळे मारले. रणगाडे थांबले नाहीत. कारण हातातला बाझुका जुना, 2.36 इंची होता. दोनच आठवड्यांत तैजॉनला 3.5 इंची बाझुका पोहोचला आणि तेच टी-34 रस्त्यात जळू लागले. रणगाडा तोच होता, समोरच्याच्या हातातलं शस्त्र बदललं होतं. वय सांगून रणगाड्याची किंमत ठरत नाही, समोर काय आहे त्यावर ठरते.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं. 1965 च्या युद्धात पंजाबमधल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या नव्या पॅटन रणगाड्यांसमोर डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटचे शर्मन रणगाडे होते, महायुद्धातले. रेजिमेंटचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. पाणी सोडून चिखल केलेली शेतं, उसाचा आडोसा आणि अचूक गोळाफेक यांच्या बळावर पॅटन अडवले गेले. वैद्यांना महावीर चक्र मिळालं.

टी-34 आजही कुठेतरी लढतो का? येमेनमध्ये 2015 नंतरच्या लढायांत तो दिसला. बोस्नियात नव्वदच्या दशकात सर्बांनी त्याला रबराचे जाड पट्टे बांधले होते, रॉकेटपासून बचाव म्हणून. त्याच्या पुढच्या पत्र्याची जाडी 45 मिलिमीटर. उतारामुळे ती वाढते, तरी आरपीजी-7 या खांद्यावरच्या रॉकेटचा साधा गोळा अडीचशे मिलिमीटरहून जास्त भेदतो. म्हणून असे रणगाडे टिकतात ते शत्रूकडे रणगाडाविरोधी शस्त्रं मोजकी असतात तिथे. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी भरलेली युक्रेनची आघाडी त्यांत बसत नाही.

रशियाने रणगाडे प्रचंड संख्येने गमावले आणि गोदामांतून टी-62, टी-55 काढावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. ती मांडायला टी-34 ची जोड लागत नाही. शिवाय जुने रणगाडे एकाच बाजूला नाहीत: स्लोव्हेनियाने युक्रेनला 28 एम-55एस दिले, जे टी-55 चंच सुधारलेलं रूप आहे. मागोमाग जर्मन बनावटीचे लेपर्ड-1 आले, त्यांची मूळ रचना साठच्या दशकातली.