गाडी आहे हो, पण फ्रंटियर कुठंय?

फ्रंटियर मेल या जुन्या रेल्वेगाडीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. राग कळला. फ्रंटियर मेल बंद झालीच नाही, गोल्डन टेंपल मेल या नावानं मुंबई सेंट्रलवरून अमृतसरला जातेच आहे, मग मी 'इतिहासजमा' कसं लिहिलं, शिवाय ती कुलाब्याहून सुटायची, बॅलार्ड पियर हा बंदरातला धक्का मी उगाच घुसडला आणि वर साहेबांचं कौतुक केलं, असं तुमचं म्हणणं.

बॅलार्ड पियरचं आधी, ते सोपंय. 1928च्या सप्टेंबरात बीबीसीआयनं, म्हणजे तेव्हाच्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं, ही गाडी सुरू केली ती कुलाब्याहूनच, म्हणजे आता बधवार पार्क आहे तिथून, आणि 1930च्या शेवटी बॉम्बे सेंट्रल झालं तसं कुलाबा स्टेशन बंद पडलं. पण विलायतेच्या बोटींच्या हंगामात हीच गाडी बॅलार्ड पियर मोल या धक्क्यावरच्या स्टेशनातूनही सुटायची, बोटीतून उतरा आणि डब्यात चढा. म्हणजे दोन्ही खरंय.

आता 'बंद'चं. नाव 1996ला बदललं, पण मी नावाबद्दल बोलतच नव्हतो, मार्गाबद्दल बोलत होतो. अमृतसरसाठी ही गाडी काढलीच नव्हती हो! बडोदा, रतलाम, मथुरा, दिल्ली करत ती लाहोरला जायची, मग रावळपिंडी, मग अटकेला सिंधूवरचा पूल ओलांडून थेट पेशावर, कारण विलायतेची डाक आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतले फौजी अफसर तिकडेच पोचवायचे होते. आपण शाळेत अटकेपार झेंडे घोकतो, इथं मुंबईत तिकीट काढून माणूस अटकेपार उतरायचा! 1947ला मधे सीमा आली आणि अमृतसरच्या पुढचा पाचेकशे किलोमीटरचा तुकडा गेला, ज्या फ्रंटियरवरून, म्हणजे वायव्य सरहद्दीवरून, नाव पडलं तेच गेलं. रूळ नव्हते असं नाही, 1976पासून त्याच रुळांवरून समझौता एक्सप्रेस लाहोरला जात होती, 2019ला तीही थांबली. पण मुंबईत बसून पेशावरला उतरणं पुन्हा जमलं नाही ते नाहीच.

आणि कौतुकाचं म्हणाल तर 1934ला या गाडीला बर्फाच्या लाद्यांवर गार होणारा डबा लागला होता हे मी लिहिलंय आणि पुन्हा लिहीन, भारी डोकं होतं ते. तो गारवा कुणाच्या खिशाला परवडायचा हे वाचणाऱ्याला कळतंच की, दरवेळी खाली टीप कशाला टाकायची.

पुढचा लेख पंजाब मेलवर आहे. तीही मूळची पेशावरचीच, आता फिरोजपूरला थांबते, तेव्हा हाच वाद घेऊन तिथंही या.