मत वाया गेलं म्हणजे नक्की काय झालं?

मी विमा एजंट आहे. सव्वीस वर्षं नाशकात पॉलिसी आणि हप्त्यांसाठी दारोदार फिरतोय. सिडको, सातपूर, जुनं नाशिक, देवळाली कॅम्प, कधीमधी थेट सुरगाण्यापर्यंत. पहिल्याच वर्षी एक नियम लावून घेतला होता, क्लायंटच्या घरात राजकारण बोलायचं नाही. भिंतीवर फोटो कोणाचाही असो, आपण चहा प्यायचा, पावती द्यायची, नॉमिनीचं नाव एकदा तपासायचं आणि निघायचं. कोणी विचारलंच "काय म्हणतंय वातावरण?" तर "तुम्हीच सांगा" म्हणायचं. पुढची वीस मिनिटं मग तेच बोलतात.

या नियमाने मला पोटापुरतं दिलं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत नियम पाळणं अवघड होत चाललंय. आता गप्प राहिलं तरी लोक त्याचा अर्थ लावतात.

आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आणि दोन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. आधी एकच होता. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर एकीकडून 'बटेंगे तो कटेंगे', दुसरीकडून 'संविधान वाचवा' अशी फॉरवर्डची फेकाफेक सुरू झाली आणि एका रात्री अकरा जण 'लेफ्ट' झाले. (लेफ्टचा कुठलाही अर्थ घ्या. दोन्ही चालतील.) त्यांनी दुसरा ग्रुप काढला. मी दोन्हीकडे आहे, धंदाच तसा.

गेल्या पावसाळ्यात लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत चौथ्या मजल्यावरच्या आजी आणि दळणाचा डबा. सुनेने लगेच ग्रुपवर टाकलं, म्हणजे तिच्या ग्रुपवर. लिफ्टवाल्याचा नंबर सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी दुसऱ्या ग्रुपवर. दोन्हीकडे असलेला मी त्या वेळी द्वारका चौकाच्या कोंडीत गाडी बंद करून उभा. आजी पंचवीस मिनिटं आत होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पीठ सांडलं नाही."

हे आठवायचं कारण म्हणजे महापालिकेची निवडणूक. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही जुने मित्र मिसळीला बसलो होतो. हे सगळे सातपूरच्या आयटीआयपासूनचे, क्लायंट नव्हेत, त्यामुळे जीभ सैल सुटली. बोलता बोलता माझ्याकडून निघून गेलं की चारपैकी एक मत मी एका छोट्या पक्षाच्या उमेदवाराला दिलं. (आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मतं.) मित्राने पाव ताटलीत ठेवला. "म्हणजे वाया घालवलंस. नुसतं वाया नाही, आमची मतं खाल्लीस."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत हा माणूस माझ्यावर दोनदाच चिडलाय. एकदा त्याची स्कूटर मी गोदाघाटाच्या पायऱ्यांवर घसरवली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आता.

मतं खाल्ली. हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून कुसळासारखा टोचतोय. खाल्ली म्हणजे आधी ती कोणाच्या तरी ताटात वाढलेली होती. कोणी वाढली? मी तर बूथमध्ये जाईपर्यंत माझं मत माझ्याच खिशात होतं.

तरी मित्राची भीती अगदीच खोटी नाही, हेही कबूल करतो. आपल्याकडे ज्याला एक मत जास्त त्याला सगळं, बाकीच्यांना काही नाही. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडी आणि तिच्या मित्रपक्षाला मिळून राज्यात ४१ लाखांच्या आसपास मतं पडली आणि खासदार आला एक, तोही औरंगाबादचा, मित्रपक्षाचा. असा हिशोब असेल तर माणूस घाबरणारच. आमच्या शेजारी दिंडोरीत २०२४ ला काय झालं ते आठवा. भास्कर भगरे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर दुसरे एक भगरे, अपक्ष, चिन्ह नुसती तुतारी. या दुसऱ्या भगऱ्यांना एक लाखाहून जास्त मतं! कांद्याच्या निर्यातबंदीने तापलेला जिल्हा होता म्हणून पहिले भगरे तरीही एक लाख तेरा हजारांच्या फरकाने निघाले. फरक थोडा असता तर? पण हा काही छोट्या पक्षाचा उदय नव्हे. हा नावाचा आणि चिन्हाचा गोंधळ. पक्ष फुटले, नावं गेली, धनुष्यबाण एकाकडे, घड्याळ दुसऱ्याकडे, आणि सत्तर वर्षांच्या म्हातारीने मशिनसमोर उभं राहून तुतारी आणि तुतारीवाला यांतला फरक ओळखायचा. तो गोंधळ घातला मोठ्यांनी. बोलणी मात्र छोट्यांना.

आता मुस्लिमबहुल मालेगाव. नाशकात छोट्या पक्षांची भीती वाटते म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा मालेगावच असतं, तोंडावर नसलं तरी. मे २०२४ मध्ये धुळे लोकसभेत काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या आणि त्यातल्या एकट्या मालेगाव मध्य विधानसभा मतदारसंघाने त्यांना जवळपास दोन लाखांची आघाडी दिली. झालं. 'एकगठ्ठा' या शब्दाने आमच्या दोन्ही ग्रुपमध्ये मुक्काम केला. मग नोव्हेंबरात विधानसभा आली. तेच मालेगाव मध्य, बरेचसे तेच मतदार. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल जिंकले किती मतांनी? १६२. समोर माजी आमदार आसिफ शेख, ज्यांनी काढलेल्या नव्या पक्षाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'इस्लाम' होतं. नाव वाचून लोकांना घाम फुटला. पण जरा थांबून बघा. सहा महिन्यांत तो 'गठ्ठा' बरोबर मधून चिरला गेला होता. दोन छोटे पक्ष, एकाच वस्तीत, रस्ता-गटार-यंत्रमाग आणि घराण्यांच्या भांडणावर एकमेकांशी लढत होते. मोठ्या गटांच्या लढाईत माणसं गठ्ठा होतात. छोटे पक्ष उतरले की त्याच माणसांना आपापसात भांडायची सवड मिळते. मला यात धोक्यापेक्षा दिलासा जास्त दिसतो. पक्षाला धर्माचं नाव देणं मला आवडत नाही, ते वेगळं. कुठल्याही धर्माचं.

नाशिकला हे नवीनही नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर उभे राहिलेले दादासाहेब गायकवाड १९५७ ला या शहराचे खासदार झाले. त्यांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तेव्हा मोठा पक्ष नव्हताच, पण संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती आणि लोकांनी जातीपलीकडे जाऊन मत दिलं. आणि याच नाशिकने १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. चीनशी युद्ध होऊन गेलेलं, चव्हाण संरक्षणमंत्री, कोणी समोर उभंच राहिलं नाही. सहा वर्षांत दोन टोकं, पण 'माझं मत खाल्लंस' म्हणून कोणी मैत्री तोडल्याचं वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कदाचित तोडलीही असेल, वडील सगळं सांगायचे असं नाही.

मी छोट्या पक्षांचा भक्त नाही. मनसेची नाशिकमधली कहाणी आपण डोळ्यांनी पाहिली. २००९ ला शहरातले तीन आमदार त्यांचे. २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० नगरसेवक, सर्वांत मोठा पक्ष, महापौर त्यांचा. पांडवलेणीच्या पायथ्याचं बोटॅनिकल गार्डन आणि लेझर शो झाला, मुलांसाठी ट्रॅफिक पार्क झालं. आणि २०१७ ला? पाच. भाजप ६६. मनसेवाले म्हणतात कामं करूनही लोकांनी पाडलं. लोक म्हणतात निम्मे नगरसेवक आधीच पळाले होते. दोघांचंही खरं आहे. मोदींची लाट होती, तेही खरं.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. प्रभाग. २०१२ ला नाशकात दोन सदस्यांचे ६१ प्रभाग होते. २०१७ ला ३१ झाले, बहुतेक चार सदस्यांचे, आणि २०२६ लाही तेच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहर पंधरा लाखांच्या आत होतं, म्हणजे ३१ ने भागलं तर प्रभागाला ४८ हजार माणसं. आज त्याहून बरीच जास्त. एवढ्या माणसांपर्यंत कोण पोचणार? ज्याच्याकडे गाड्या आहेत, पॅनलमधले आणखी तीन उमेदवार आहेत, वरून सभा घ्यायला नेते आहेत. गल्लीतला बरा माणूस, जो रात्री दीडला उठून ड्रेनेजचं झाकण बसवून देतो, तो आपल्या दोन गल्ल्यांत हिरो आणि प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी. मग तिथला मतदार काय करणार? चेहरा माहीत नसेल तर माणूस झेंडा बघतो. आणि झेंडा बघून मत द्यायची सवय लागली की शेजारीही झेंड्यासारखाच दिसायला लागतो.

त्यातच मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक. नगरसेवक नाहीच. आधी नळाला पाणी आलं नाही की आमच्या गल्लीतला कट्टर हिंदुत्ववाला काँग्रेसच्या नगरसेवकाला फोन करायचा, 'दादा, बघा ना जरा'. दादा बघायचे. फोन करताना विचारधारा कोण काढतो? या चार वर्षांत तो फोनच बंद झाला. राजकारण उरलं ते टीव्हीवर आणि मोबाइलमध्ये. ओळखीचं, हाक मारता येईल असं राजकारण गेलं आणि जागा भरायला फॉरवर्ड आले. आमचे दोन ग्रुप याच चार वर्षांतले, हा मला योगायोग वाटत नाही.

छोट्या पक्षाच्या माणसांना स्वतःच रस्त्यावर यावं लागतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतो? ६ तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. सुरगाणा, पेठ, कळवणची माणसं, लाल टोप्या, वनजमिनीच्या मागण्या, १८० किलोमीटर मुंबई. सुरगाण्यातले माझे दोन क्लायंट त्यात होते. एकाचा हप्ता त्या महिन्यात राहिला, ग्रेस पिरियडमध्ये भरून घेतला. त्यांच्या पक्षाचा, माकपचा, आमदार तेव्हा विधानसभेत एकच. पण मुंबईत दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून ते रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेले आणि लाल झेंड्याशी आयुष्यात संबंध नसलेले मुंबईकर चपला आणि पाणी घेऊन रस्त्यावर आले. त्या दिवशी कोणी विचारलं नाही की हे कोणाची मतं खातायत.

तपोवनातल्या झाडांचंही तसंच. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायची म्हटल्यावर गेल्या हिवाळ्यात जे लोक तिथे जमले त्यांत सगळ्या रंगांचे होते. सत्तेतल्या मित्रपक्षांतूनही विरोधाचे सूर आले. तरी दोन दिवसांत ग्रुपवर 'हे कुंभाच्या विरोधात आहेत' सुरू झालंच. आमच्या आजी, लिफ्टवाल्या, त्या दर सिंहस्थाला रामकुंडावर स्नान करतात आणि तपोवनात वडाला मिठी मारून फोटोही काढून आल्या. त्यांना कुठल्या ग्रुपमध्ये टाकायचं ते अजून ठरलेलं नाही.

नेत्यांचं म्हणाल तर त्यांच्यात ध्रुवीकरण नावाची गोष्टच नाही. डिसेंबरात नाशकात आघाडीच्या आनंदात नाचलेली माणसं चोवीस तासांत समोरच्या व्यासपीठावर उपरणं घालून उभी होती. यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी रील्स पाहिल्यात.

परवा जुन्या नाशकात एका काकांकडे गेलो होतो. वय एकोणऐंशी, भिंतीवर एका पक्षाच्या संस्थापकाचा भलामोठा फोटो, पॉलिसीची मॅच्युरिटी या वर्षी. फॉर्मवर सही करता करता त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मत कोणाला दिलंस रे?" आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी सांगून टाकलं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चारही?"

"नाही काका. एकच. बाकीची तीन वेगळी."

ते जरा वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. मग दाराकडे बघून, सून आत आहे का याची खात्री करून, त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. अ ला हा, ब ला ती, क ला हा, ड ला तो. चार मतं, चार पक्ष. फोटोतल्या संस्थापकाच्या पक्षाला त्यातलं एक.

"ड वाला कामाचा पोरगा आहे," म्हणाले. "पक्ष फालतू आहे त्याचा. पण नंबर घेऊन ठेव, गटारीचं काही असलं तर."

घेतलाय.