एका निरीक्षणाने सिद्धांत पडतो?

'हजार प्रयोगांनी सिद्धांत खरा ठरत नाही, पण एकाच विरोधी निरीक्षणाने खोटा ठरतो. तरीही त्याला चिकटून राहणारे शास्त्रज्ञ पोथीनिष्ठच,' अशा आशयाचा मजकूर बराच फिरतोय. वाचायला झकास आहे, पण इतिहासाशी त्याचा मेळ बसत नाही.

'एकच निरीक्षण पुरे.' तसं असतं तर न्यूटनचं गुरुत्वाकर्षण १७४७ मध्येच मोडीत निघालं असतं. चंद्राची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःही हळूहळू फिरते. फ्रेंच गणिती क्लेरो याने न्यूटनच्या नियमाने तो वेग काढला, तर प्रत्यक्षाच्या निम्माच आला. निम्मा! त्याने नियमातच दुरुस्ती सुचवली. १७४९ मध्ये त्यालाच उमगलं, की क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली पदंच गणितात महत्त्वाची होती. नियमाला काही झालं नव्हतं. निरीक्षण एकट्या सिद्धांताला कधीच भिडत नाही. मध्ये आकडेमोड असते, उपकरणं असतात. २०११ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेहून इटलीत पोहोचलेले न्यूट्रिनो, म्हणजे अतिसूक्ष्म मूलकण, प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी आल्याचं दिसलं. प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही, या आइन्स्टाइनच्या सिद्धांताला हा धक्काच होता. मुख्य दोषी निघाली एक नीट न बसलेली फायबर केबल.

'सिद्धांत वाचवायला पळवाटा शोधतात.' यात थोडं तथ्य आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलज्ञ ल वेरिए याने पलीकडे एक अदृश्य ग्रह कल्पिला. ही पळवाटच, पण तपासता येणारी: त्याने ग्रहाची जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला तिथून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाची चाल चुकत होती, तेव्हा ल वेरिएने तोच डाव पुन्हा टाकला, 'व्हल्कन' नावाच्या ग्रहाचा. तो कुणालाच सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ विकलांचा, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त, असा तो फरक खगोलज्ञांनी लपवला नाही, उलट अधिक काटेकोरपणे मोजला. मग न्यूटनला सोडलं का नाही? सोडून जायचं कुठे? ग्रह, धूमकेतू, भरती-ओहोटी हे सगळं इतकं नेमकं सांगणारं दुसरं काही हाताशी नव्हतं. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या समीकरणांतून नेमका तोच आकडा निघाला.

'शेवटी न्यूटनला फेकलंच ना?' नाही. गुरुत्व क्षीण आणि वेग कमी असेल तिथे आपली समीकरणं न्यूटनचीच उत्तरं देतात, हे आइन्स्टाइनलाही दाखवावं लागलं. ती तशी देत नसती, तर बुधाच्या ४३ विकला जुळूनही ती कुणी स्वीकारली नसती.